आटलेली नदी

सानूमाया सरकारी मत्स्यकेंद्रात माशांच्या पिल्लांना खाद्य टाकत होती, तेवढ्यात नळ खोकला आणि टाक्यांत पडणारं पाणी थांबलं. पाइप तुंबला असेल म्हणून ती बाहेर आली आणि जागीच थिजली. ऐन पावसाळ्यात, भर दुपारी नदी आटली होती. नुसते ओले धोंडे, आणि डबक्यांत तडफडणारे सहर जातीचे मासे.

वर कुठेतरी डोंगर ढासळून पाणी अडलं होतं. ते फुटलं की संपलंच. आणि गाव तर टोपल्या घेऊन पात्रात उतरलेलं, जत्रेला आल्यासारखं.

"वर या! पूर येतोय!"

"कोरड्या नदीला पूर?" दुकानवाली पवित्रा हसली. "मासे काय एकट्या सरकारनेच खायचे?"

सानूमाया जिवाच्या आकांताने ओरडली, "अगं, आमच्या टाक्यांतलं औषध सांडलंय नदीत! ते मासे खाल तर मराल!"

टोपल्या फेकून, तिला शिव्या घालत माणसं काठ चढली. खर्कबहादुर तेवढा हलला नाही. तो केंद्रातलाच, तिच्याही आधीपासूनचा; ती त्याला दाज्यू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. ही थाप आहे, हे त्याला कळत होतं.

सानूमाया खाली उतरली. "दाज्यू, चला!"

"बघ बहिनी, खुणेला पर कातरलेला! आपणच सोडलेला हा. जगलीत गं पोरं! एवढी बादली भरू दे."

"ती जगली, आता तुम्ही जगा!"

तोच वरून गार वारा आला, चिखलाच्या वासाचा. पायाखालचे धोंडे थरथरले. तरी खर्कबहादुरच्या हातची बादली सुटेना. ती दोन्हीकडून धरून दोघं पळत सुटली. मागे बघायची तिची छाती झाली नाही. शेवटच्या चढावर पवित्राने तिला दंडाला धरून ओढलं.

मग झाडंझुडपं घेऊन गढूळ भिंत आली. खालचे हौद, अंड्यांची खोली, नुकतंच खाद्य घातलेली पिल्लं, सगळं गेलं.

बादलीतले मासे त्यांनी वरच्या झऱ्याच्या हौदात सोडले. काही उलटे तरंगले, बाकीचे तळाशी गेले.

"औषध खरंच सांडलं होतं?" पवित्राने विचारलं.

"नाही."

पवित्रा हौदाच्या काठावर तिच्याशेजारी बसली.

"दाज्यू, अजून येईल पाणी?" सानूमायाने विचारलं.

"काय सांगू?" खर्कबहादुर म्हणाला. "आणखी वर चला."