शून्याच्या दोन घरं मागे

मित्रांनो, मी करमाडच्या एका शेतकरी घरातला म्हातारा वजनकाटा. दुकानात ऐटीत बसतो तसला नव्हे. मला झाडाला टांगतात. वर कडी, खाली आकडा, मध्ये ताटलीएवढी तबकडी आणि तिच्यावर फिरणारी सुई. चाळीस वर्षं मी लोंबकळत काढली, पण तक्रार नाही. उंचावरून माणसं बरी दिसतात. वजन करायला आलेला माणूस आधी माझ्याकडे कधीच बघत नाही. आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

काकासाहेबांनी मला शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून आणलं ते कापसासाठी. बायका दिवसभर कापूस वेचायच्या, संध्याकाळी गाठोडी माझ्या आकड्याला लागायची. जितका कापूस तितकी मजुरी. गाठोडं जाड तरटाचं, रिकामंच दोन किलो भरायचं. दर वेळी ते वजा कोण करत बसणार? काकासाहेबांनी माझ्या पाठीचा स्क्रू पिळला आणि सुईच शून्याच्या दोन घरं मागे नेऊन ठेवली. रिकामं तरट लावलं की सुई बरोबर शून्यावर. गावानं वाहवा केली. मीही फुगलो.

पुढे काकासाहेब गेले. तरटंही गेली, बायका जुन्या साडीत कापूस बांधू लागल्या. साडी ती केवढी, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. सुई मात्र कुणी हलवली नाही. माझी काच धुळीनं अशी आंधळी झाली की मोठे आकडे तेवढे दिसत. शून्याच्या आसपास काय चाललंय ते मला एकट्याला ठाऊक, आणि मला कोण विचारतो?

वेचणाऱ्या बायकांची म्होरकी भागूबाई मात्र बोलायची. "वैनी, ह्यो काटा खातोय." काकासाहेबांच्या मागे घर सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी वच्छलाबाई हसून सोडून द्यायच्या. यंदा दिवाळीनंतर त्या चिडल्या.

"खातोय म्हंजे? काटा काय भाकर मागतो का? ज्यांनी आणला ते देवमाणूस होते!"

"देवमाणूसच व्हते. मी काट्याचं बोलतेय."

त्या दिवशी भागूबाई टोळी घेऊन बांधावरून गेली ती आलीच नाही. तीन एकर कापूस फुटून लोंबत राहिला. तीस वर्षांचं बोलणं एका संध्याकाळी बंद.  वच्छलाबाई रोज चहा दोन कप जास्त टाकायच्या आणि ओतून द्यायच्या. हे मी खुंटीवरून पाहिलं.

अशातच प्रवासाचा दिवस उजाडला. लेक भानुमती आईला विमानानं गोव्याला नेणार होती. पणजीहून भाड्याची गाडी घ्यायची आणि स्वतः चालवत किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरी गाठायची. वच्छलाबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. माणशी पंधरा किलो सामान चालणार होतं, म्हणून आईची बॅग माझ्या आकड्याला लागली. पंधराच्या रेघेवर येईपर्यंत तिच्यात काय काय गेलं! ज्वारीचं पीठ गेलं, "तिकडं नुसत्या भातानं माझं भागायचं नाय." चटणी गेली, दोन शाली गेल्या, आणि गाडी बंद पडली तर असावा म्हणून दोरखंडही.

"आई, आपण समुद्र बघायला चाललोय का नांगरायला?" भानुमती म्हणाली.

मुलगा लक्ष्मण सोडायला निघाला, आणि मला पिशवीत घालून सोबत घेतलं. वाद झालाच तर पुरावा हवा.

वाद झालाच. चिकलठाण्याच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावर ठेवली, आणि आकडा उमटला सतरा.

"पोरी, तुमचं यंत्र बिघडलंय," वच्छलाबाई काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या.

"मावशी, सकाळपासून सगळ्यांच्या बॅगा यावरच होताहेत."

"मग सगळ्यांचं चुकलं असंल." त्यांनी मला बाहेर काढलं. मायलेकींनी दोन बाजूंनी कडी उचलली. सुई पंधरावर. "बघ!" रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी तर नव्या लग्नातल्या जावयासारखा ताठ.

मुलगी शहाणी होती. "आता बॅग काढा," म्हणाली, आणि रुमालानं माझी काच पुसली. सुई उघडी पडली, शून्याच्या दोन घरं मागे. "मावशी, काही न लावताच दोन किलो खातोय हा."

चोरी करून पकडलेले चेहरे मी पुष्कळ पाहिलेत. चोरी न करता पकडलेला हा पहिलाच.

"पीठ हातातल्या पिशवीत घे, मिटलं," भानुमती म्हणाली.

"मिटलं कुठं?" वच्छलाबाई बाकावर टेकल्या. "फोन लाव. भागूला."

भानुमतीनं फोन लावून आईच्या हातात दिला.

"भागू, काटा खात होता गं."

"कोण म्हणलं?"

"हितं तपासला. उघड दिसलं."

"व्हय का. मुका काटा बोलला तवा ऐकलंस. मी दहा वर्सं बोलत व्हते."

 वच्छलाबाई म्हणाल्या, "बोल आणखी. तेवढं बोलणं माझ्याकडं निघतं."

"अन् मागच्या मजुरीचं?"

"तू सांगशील तसं. लक्ष्मण काटा घेऊन येतोय. स्क्रू तू फिरव, तुझ्या हातानं. मग वाटलं तर वेच."

"ते मी बघीन. तू जा समिंदर बघाया. लई खोल जाऊ नको, तुला पोहाया येत नाय."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. टोकदार आकडा असलेल्या मला विमानात कोण घेणार? दारावरच्या शिपायानं मला बाहेर थांबलेल्या लक्ष्मणच्या हातात दिलं. अर्ध्या तासात मी भागूबाईच्या दारात. तिनं सगळ्या टोळीला बोलावलं, मला आढ्याला टांगलं आणि स्क्रू फिरवत एकेक घर करून सुई शून्यावर आणली. एक-एक बाई जवळ येऊन बघून गेली. इतका मी कधी लाजलो नव्हतो, पण इतका हलकाही कधी झालो नव्हतो.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी लोंबत असेल तर त्याची काच पुसत जा. काही तोलण्याआधी रिकामा काटा कुठे उभा आहे ते बघा. आणि नाहीच दिसलं, तर ज्याच्या डोक्यावरून गाठोडं उतरतं त्याला विचारा. त्याला ते पाठ असतं.