शिवम्माचं नॉर्मल बीपी

मित्रांनो, मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण आमच्या गावात माझी फार बदनामी झाली होती. मी बीपी तपासायचा जुना डबा. झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते, नळीत पारा, शेजारी दंडाला बांधायचा पट्टा आणि रबरी फुगा. एवढाच माझा संसार.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथं मला इतक्यांदा तपासलं की विचारू नका. पारा एका रेघेनं चुकला असता तरी मला भंगारात टाकलं असतं. मी चुकलो नाही. पास होऊन कुरुंदवाडजवळच्या एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात आलो. तिथं माझा थाट काय सांगू! मोठमोठे पैलवान माझ्यापुढं गप्प हात पसरून बसायचे.

तिथल्या मेहक सिस्टर बोलायला फटकळ, पण कामाला चोख. आलेल्या माणसाचं नाव, तारीख, वेळ आणि मी सांगितलेला आकडा त्या न चुकता वहीत लिहायच्या.

आमच्याकडं कशानंही बरं वाटेनासं झालं की 'बीपी झालंय' म्हणतात. शिवम्मा तर आठवड्यातून दोनदा यायची. छातीत धडधडतंय, डोकं जड झालंय, हीच तक्रार. मी दर वेळी खरं तेच सांगायचो, एकशेवीस-ऐंशी. ती हिरमुसून जायची. आणखी काही बायकांचंही असंच. शेवटी गावभर बोभाटा झाला की डबा बिघडलाय. मग बटण दाबलं की आकडा दाखवणारं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. असा राग आला मला!

त्याच सुमारास वरच्या ऑफिसातून निरोप आला. मनाच्या आजारांसाठी महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक मॅडमची फेरी पुढच्या महिन्यापासून बंद होणार होती. वर्षभरात त्यांच्याकडं एकही पेशंट फिरकला नव्हता. म्हणजे गावात सगळे ठणठणीत, अशी साहेबांची समजूत.

त्याच दुपारी शिवम्मा आली. नव्या यंत्रानं आकडा दाखवला, एकशेवीस-ऐंशी! कपाटातल्या कपाटात मला हसू फुटलं. पण शिवम्मा काही उठेना.

"सिस्टर, ते जुनंच लावा की," ती म्हणाली. "त्यात तुम्ही माझा हात धरून बसताय."

माझं हसू तिथंच विरलं. मेहक सिस्टरनी मला बाहेर काढलं, पट्टा बांधला, पण फुगा दाबलाच नाही. हात धरून विचारलं, "आक्का, खरं सांगा. काय होतंय?"

"मालक गेल्यापास्नं दोन वरसं झोप न्हाय. घास उतरत न्हाय. जगून काय करायचं, असं वाटतंय. सांगू कुणाला? लोक येडी म्हणत्यात."

दोन वर्षं मी तिच्या दंडाला बिलगत होतो आणि मला यातलं काही कळलं नव्हतं. फार वाईट वाटलं, मित्रांनो.

सिस्टरनी तिथंच मॅडमना फोन लावून शिवम्माला बोलायला लावलं. तिला एकटं ठेवू नका म्हणून तिच्या लेकीला, शिवलीलालाही बोलावून घेतलं. मग वही काढली. आठ महिन्यांत सहापेक्षा जास्त वेळा आलेल्या आणि दर वेळी बीपी नॉर्मल निघालेल्या बायका मोजल्या, तर चौदा! सगळ्या दुपारी तीननंतर, शेतातलं तण काढायची भांगलण आटोपून आलेल्या. आणि मॅडम यायच्या सकाळी दहाला. वर दाराला 'मनोरुग्ण तपासणी' असा हातभर फलक! त्याखाली बसून कोण शोभा करून घेईल?

सिस्टर थेट साहेबांपुढं उभ्या राहिल्या. नाव एकाही बाईचं घेतलं नाही, नुसते आकडे दाखवले.

"साहेब, पेशंट हायत. आपली वेळ चुकलीया."

साहेबांनी थोडी कुरकुर केली, पण आकडे पुन्हा एकदा पाहून सही केली. फेरी चालू राहिली. फलक काढला, वेळ दुपारी साडेतीनची झाली आणि मॅडम बीपीच्याच खोलीत बसू लागल्या. कुणी विचारलं तर बाई बीपी दाखवायला आली म्हणायचं, म्हणून टेबलावर मी! पहिल्याच फेरीत नऊ जणी आल्या. शिवम्माला मॅडमनी डॉक्टरांची गाठ घालून दिली, गोळ्या सुरू झाल्या, बोलणंही सुरू झालं.

या गोष्टीला चार महिने झाले. परवा मी झाकण उघडून तयार होतो, तर शिवम्मा दारातूनच परतली. चुलीवर आमटी ठेवून आली होती म्हणे. जाता जाता सिस्टरना सांगून गेली, "काल झोप लागली बघा, पार उजाडस्तवर."

मला तिनं पाहिलंसुद्धा नाही. तरी दिवसभर मी खुशीत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज काहीतरी दुखतंय म्हणत असेल आणि तपासणीत काहीच निघत नसेल, तर 'तुला काही झालं नाही' म्हणून उठून जाऊ नका. जवळ बसून विचारा. माझ्या पाऱ्याला ते विचारता येत नाही, तुम्हाला येतं.