घरातल्यांची हरकत

बोझेनाबाईंनी शिक्का शाईवर दाबून कागदावर नेला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला, कारण झिग्मुंटने सही करायच्या ऐवजी पेनाला टोपण लावून टाकलं होतं.

"काय झालं, काका?"

"काही नाही. मी सही करणार नाही."

शेजारी उभ्या असलेल्या तादेकने, त्याच्या मुलाने, कपाळावर हात मारून घेतला. म्हातारा ग्रीनपॉइंटच्या पोलिश वस्तीतल्या भर दुकानात, पोलंडला जाणाऱ्या पार्सलांच्या ढिगासमोर तमाशा मांडणार हे त्याला सकाळीच कळायला हवं होतं. दुकान पार्सलांचं असलं तरी नोटरीचा शिक्का बोझेनाबाईंकडेच होता, त्यामुळे अख्खी आळी कागदपत्रांसाठी त्यांच्याच दारात यायची.

तादेक खाजगी गुप्तहेर. धंद्याचा परवाना होता, पिस्तुलाचा नव्हता. तो मिळवायला बिचाऱ्याने काय काय नाही केलं! वर्गात जाऊन बसला, बोटांचे ठसे दिले, भल्या माणसांकडून शिफारसपत्रं आणली, नेमबाजीत पास झाला. राहिली होती एकच गोष्ट. घरात पिस्तूल ठेवायला आपली हरकत नाही, असं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने लिहून द्यायचं. त्याच्या बायकोने, एवाने, कधीच दिलं होतं. पण आई गेल्यापासून म्हाताराही त्यांच्याकडेच राहायला आला होता. एका वकिलाकडे साक्षीदारांची सुखरूप ने-आण करायचं वर्षभराचं काम ठरल्यात जमा होतं, फक्त त्याला पिस्तूल बाळगणाराच माणूस हवा होता. हे काम सुटलं की तादेक पुन्हा गाडीत बसून, लोकांच्या बायका कुणाबरोबर जेवतात ते बघणार. त्याचा त्याला वीट आला होता.

"बाबा, काल तर हो म्हणालात!"

"काल मी सूप पीत होतो. सूप पिताना मी कशालाही हो म्हणतो."

बोझेनाबाई फिस्सकन हसल्या. तादेकला हसू आलं नाही.

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुझ्यावर? अरे, स्वतःच्या गाडीची किल्ली शोधायला तू एवाला कामाला लावतोस. आणि म्हणे गुप्तहेर."

"जन्मभर शिकार केलीत तुम्ही. हरणाचं मांस खाऊन मोठा झालो मी. आणि आताच बंदुकीचं वावडं?"

"तुझ्याकडे राहायला येताना रायफल शिकारीच्या जोडीदाराला, लेशेकला, देऊन टाकली मी. का दिली, विचारलंस?"

"गुडघे दुखतात म्हणून. तुम्हीच म्हणालात."

"गुडघे," झिग्मुंट म्हणाला. त्याने समोरच्या पार्सलाची उचकटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. ती पुन्हा उचकटली, त्याने पुन्हा दाबली.

तादेकने आवाज खाली आणला. भांडून म्हातारा ऐकत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.

"हे बघा, ते इकडेतिकडे पडलेलं नसेल. तिजोरी आणलीय मी पोलादी. चांगलं कुलूप आहे तिला."

"जन्मभर किल्लीवाला म्हणून लोकांची कुलपंच उघडली मी, तादेक." या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "तुझी ती तिजोरी बघितलीय मी. माझा चहा निवायच्या आत उघडेल."

बोझेनाबाईंनी शिक्का हळूच डबीत ठेवला आणि फडकं घेऊन वजनकाटा पुसायला लागल्या. काटा स्वच्छच होता.

"म्हणून काय?" तादेक वैतागून म्हणाला. "तुम्ही कशाला उघडाल ती?"

झिग्मुंटने मान वर केली आणि मुलाकडे बघितलं.

रायफल का देऊन टाकली ते तादेकला आता कळलं: म्हाताऱ्याला स्वतःच्याच हातांची भीती होती. परक्यांच्या खिडक्यांवर तासन्‌तास नजर ठेवणारा तो, आणि घरात, जेवणाच्या टेबलावर, आपल्या ताटासमोर कोण बसलंय ते त्याने इतके महिने धड बघितलंही नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"राहू द्या, बाई," तो बोझेनाबाईंना म्हणाला. त्याने कागद उचलून खिशात कोंबला. म्हाताऱ्याचा कोट खुर्चीवर होता, तो त्याने उघडून धरला, आणि झिग्मुंटने त्यात हात घातले.

गाडीत बसल्यावर तादेकने आधी वकिलाला फोन लावला. जमणार नाही म्हणाला. का, ते सांगितलं नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मग त्याने फोन ठेवला आणि गाडी चालू केली.

"माझ्यामुळे काम गेलं तुझं."

"जाऊ द्या हो."

"एवा चिडेल."

"चिडू दे."

झिग्मुंटने सीटबेल्ट ओढून लावला.

"दिवसभर लोकांना खोदून खोदून विचारत असतोस," तो म्हणाला. "मला विचार की काहीतरी."

तादेकने गाडी बंद केली.

"कधीपासून असं वाटतंय, बाबा?"

"तुझ्या आईचा चष्मा सापडला ना मला, कोचाच्या फटीत, त्या दिवसापासून," झिग्मुंट म्हणाला आणि मग बोलत राहिला. अडखळला तेव्हाही तादेकने मध्ये तोंड घातलं नाही.