हमखासच्या रकान्यातलं पुणं

माझ्या नवऱ्याला, यशोधनला, कंपनी पुढच्या वर्षीच्या विक्रीचे अंदाज बांधायचा पगार देते. त्यामुळे २००२ साली आमच्या रुचिराने बारावीनंतर वकिलीला जायचं ठरवलं, तेव्हा गुडगावच्या नव्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर आधी लॅपटॉप उघडला गेला. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, परीक्षा वेगळी. यशोधनने तीन रकाने केले: स्वप्न, शक्य आणि हमखास.

स्वप्नात पाच कॉलेजं, शक्यमध्ये दोन आणि हमखासमध्ये एकटं पुणं. तिथे बऱ्याच जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी होत्या, आणि आम्ही महाराष्ट्रातले नाही तर काय लडाखचे? गेली तेरा वर्षं तो शेजाऱ्यांना हेच ऐकवत होता, की आम्ही पुण्याचे, इथे आपले नोकरीपुरते. मी म्हटलं, दिल्लीतलं ते नवीन कॉलेजही घाल. तिथे कोण जातं, असं म्हणून त्याने नाक मुरडलं. रुचिरा हटून बसली, तेव्हा कुठे यादीच्या तळाशी, प्रश्नचिन्हासकट, ते एकदाचं आलं.

स्वप्नं मे महिन्यात संपली, शक्य जूनमध्ये. पोरगी जेवेना, फोन घेईना. वर्ष वाया जाणार या धास्तीने मला काही सुचत नव्हतं. यशोधन मात्र निवांत. पुण्याच्या परीक्षेत तिला मार्क बरे होते, म्हणजे झालंच काम. आम्ही तिघं झेलम एक्स्प्रेसने पुण्याला निघालो.

कॉलेजच्या प्रवेश-खिडकीतल्या बाईंनी मार्कशीट पाहून विचारलं, बारावी कुठून? दिल्लीहून. मग तुम्ही बाहेरच्या राज्यांच्या यादीत, आणि त्या जागा कालच भरल्या. यशोधनने आजोबांचं सदाशिव पेठेतलं घर सांगितलं, स्वतःची शाळा सांगितली, शाळेतल्या मास्तरांची नावंसुद्धा सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं मराठी छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण नियम बारावीचा आहे."

मला त्यांचा राग आला नाही. यशोधनचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. फॉर्मच्या मागच्या पानावर तो नियम स्वच्छ छापलेला होता. इतर सगळ्या कॉलेजांची माहितीपत्रकं आम्ही पेन्सिलने खुणा करत वाचली होती. आपल्याच गावाचं काय वाचायचं, म्हणून हे एक पान उलटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या कॉलेजची यादी लागली. नियम तोच होता, बारावी दिल्लीतून झालेल्यांना आधी जागा, आणि रुचिराची शाळा दिल्लीतली. तिचा नंबर लागला होता.

काउंटरवरच्या माणसाने फॉर्मवरचं आगटे हे आडनाव दोनदा वाचलं आणि मान वर केली. "महाराष्ट्र से हैं?"

रुचिराने माझा हात घट्ट धरला. मी यशोधनकडे बघितलं. त्याला विचार करायलाही वेळ लागला नाही.

"नहीं जी," तो म्हणाला. "दिल्ली के हैं. बिल्कुल दिल्ली के."