मिझोएची पांढरी फ्रेम

“काळी?” ह्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. “इतकी वर्षं पांढरी नेलीस, आता काळी?”

“कंटाळा आला, काका,” मिझोए म्हणाला. “केस पांढरे व्हायला लागले, सायकल तरी काळी असू दे.”

मी हसले. हे हसले नाहीत.

कैरिन म्हणजे गोल ट्रॅकवरची पैजेची शर्यत, तिला सायकल स्टीलचीच लागते. एकच गिअर आणि ब्रेक नाहीत. आमच्या हाकोदाते बंदरातले रायडर फ्रेम रंगवायला आमच्याकडे येतात आणि त्यातले जाणते पांढरा मागतात, कारण नळीला चीर गेली तर ती पांढऱ्यावर आधी दिसते, गंजून तपकिरी झालेली. मिझोए नुकताच एका शर्यतीत शेवटच्या वळणावर पडला होता. खांदा बरा झाला होता. फ्रेमला मात्र काही झालं नाही, असं तो कुणी न विचारता सांगत सुटला होता, आणि तेच मला खटकत होतं.

जुना रंग उतरल्यावर ह्यांनी मला हाक मारली. हँडलखालच्या जोडाशी केसासारखी रेघ होती. ह्यांनी नखानं टिचकी मारली. आवाज बद्द आला.

मिझोएला बोलावून घेतलं. त्यानं रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हणजे तुला ठाऊक होतं,” हे म्हणाले.

“नवी फ्रेम मिळायला सहा महिने लागतात, काका. या खेपेला गुण पडले नाहीत तर रायडरांच्या यादीतून माझं नाव कटतं. मग या वयात काय करू, धक्क्यावर माकुल मासळी सुकवत बसू?”

“बसतात की माणसं,” मी म्हटलं. “जिवंत तरी असतात.”

“दुसऱ्या कुणाची माग,” हे म्हणाले.

“दुसऱ्याच्या सायकलवर माझे पाय चालत नाहीत. तुम्ही रंगवणार नसाल तर तसं सांगा. समुद्रापलीकडे आओमोरीत एक जण आहे. तो काही विचारत नाही.”

ह्यांनी फ्रेम पुन्हा खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “ठेवून जा.”

तो गेल्यावर मी ह्यांना असं फैलावर घेतलं की शेजारच्या मासळीवालीनं डोकावून पाहिलं.

“अगं किनू, नाही म्हटलं असतं तर तो तिकडे गेला असता,” हे म्हणाले. “मी पांढरीच रंगवतो. शर्यतीआधी तपासनीस बघतात. रेघ दिसली की तेच अडवतील. आपण चहाडी करायला नको.”

रंग वाळल्यावर मिझोए चाकं, चेन असलं सामान घेऊन आला. सायकल तो नेहमी आमच्याच दुकानात जोडायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. पांढरी फ्रेम पाहून तो थबकला.

“काळा संपला होता,” हे म्हणाले.

“असं होय,” म्हणून त्यानं पाना उचलला. एरवी चेन चढवताना तो मला चिडवायचा, माझ्या लोणच्याला नावं ठेवायचा. त्या दिवशी त्यानं मानही वर केली नाही. चाक फिरवून पाहिलं, पुन्हा सगळं सुटं केलं, पिशवीत भरलं आणि पलीकडच्या शर्यतीसाठी बोटीच्या धक्क्याकडे गेला.

शर्यती संपेपर्यंत रायडरांना आतच ठेवतात, फोनही काढून घेतात. त्यामुळे आम्ही टीव्हीपुढे बसलो. नावं आली. पाच नंबर, पिवळी जर्सी, मिझोए.

“दिसली कशी नाही?” हे ताडकन उठले, आणि लगेच खाली बसले. त्यांचं त्यांनाच कळलं होतं. अस्तर घासून, भट्टीत भाजून, वर चकाकी चढवून ह्यांनी ती फ्रेम नेहमीइतकीच मन लावून रंगवली होती. त्या रंगाखाली रेघ बुजून गेली होती.

“वाईट काम करायला हवं होतं गं,” हे म्हणाले. “जमलं नाही.”

फोन ह्यांच्या हातात तसाच राहिला. शेवटी मीच शर्यतीच्या कचेरीचा नंबर लावला. हे बोलले. स्वतःचं नाव सांगितलं, त्याचं सांगितलं, रेघ कुठे आहे ते सांगितलं.

शर्यत नवाऐवजी आठ जणांची झाली. पिवळी जर्सी नव्हती. मला हायसं वाटलं आणि रडूही आलं. रायडरांच्या पुढच्या यादीत मिझोएचं नाव नव्हतं.

एका दुपारी तो आला. जोडलेली सायकल चढावरून ढकलत आणली होती.

“दाखवा काका. कुठे आहे ती?”

हे भिंग घेऊन वाकले. जोडावरून अंगठा फिरवला. मीही पाहिलं. सगळं दुधासारखं गुळगुळीत.

“रंग उतरवावा लागेल,” हे म्हणाले.

“नको. राहू दे.” मिझोएनं नळीवरून हात फिरवला. “फार सुंदर झालीय.”

ह्यांनी त्याच्यापुढे मान झुकवली. त्यानंही झुकवली, ह्यांच्याहून खाली. दोघांपैकी एकानं तरी शिवी हासडावी असं मला वाटत होतं.

मग त्यानं बाहेर जाऊन सायकलवर टांग टाकली. ही बिनब्रेकची सायकल कुणी रस्त्यावर काढत नाही, आणि आमचा उतार तर थेट ट्रामच्या रुळांवरून बंदरात जातो.

“मिझोए, हातात धरून ने रे!” मी ओरडले.

त्यानं मागे न बघता एक हात वर केला. हे भिंग घेऊन दारात उभे होते, मी त्यांच्या मागे. चेनचा आवाज खाली खाली गेला, आणि तो ऐकू येईनासा झाल्यावरही आम्ही कान देऊन उभेच राहिलो.