दुपारचा पहारा

सप्ताहाचा पाचवा दिवस होता आणि दुपारचा पहारा निवृत्तीबुवांचा. गळ्यात वीणा, एक बोट तारेवर, नामाच्या लयीत दोन पावलं पुढं, दोन मागं. वरचा पंखा गरम वारा खाली ढकलत होता. समोर चार म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या. त्यातल्या सुभद्राबाई पेंगत होत्या, पण टाळी चुकत नव्हती. अशी टाळी देवाला आधी पोचते, असं बुवा म्हणत.

सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकत नाही. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, हा गावाचा नेम. रात्रीच्या कीर्तनानंतरच्या पहाऱ्याला माणसं भांडतात. उन्हाच्या वेळी कोणी फिरकत नाही, म्हणून तो पहारा बुवांचा.

कोकिळा, त्यांची सून, घाईनं मंडपात आली.

"मामाजी, चला. केंद्रातल्या अर्पितानं निरोप देला, नेट आलं म्हने."

बुवांचे निराधाराचे पैसे तीन महिन्यांपासून बंद होते. माणूस जिवंत आहे, अशी नोंद ऑनलाइन व्हायला हवी होती आणि तिचा आज शेवटचा दिवस होता. अंगठा मशीन घेत नव्हतं. जन्मभर निंदण-कापणी केलेल्या बोटांवर रेषा राहिल्याच नव्हत्या. आता चेहरा दाखवायचा होता, तर नेट नसायचं. मुलगा वारल्यापासून घर कोकिळाच्या रोजावर चालत होतं आणि बुवांची दम्याची औषधं या पैशांवर.

"अन् हे कोन घेईन?" बुवांनी वीणेकडं पाहिलं.

सप्ताहाचे कारभारी शंकरराव संध्याकाळच्या कीर्तनकारांना आणायला जळगाव जामोदला गेले होते. बाकीचे पुरुष शेतात.

"द्या माह्यापाशी," कोकिळा म्हणाली.

या गावात बाईनं वीणा घेतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांतल्या सरस्वतीबाईंची टाळी थांबली.

"बाईच्या गयात?"

"मंग तू उभी राह्य," सुभद्राबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मुक्ताई का बुवा होती का वं?"

"म्या काय म्हनलं? इचारलं फक्त."

बुवांनी वीणा काढली, सुनेच्या गळ्यात घातली आणि वाकले. वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. कोकिळा एकदम मागं सरली.

"मामाजी, काय करता?"

"तुह्या नाही पडत. उभी राह्य नीट."

ती उभी राहिली. बोट तारेवर ठेवलं, पावलं मात्र जागची हलली नाहीत.

ऑनलाइन कामांचं केंद्र म्हणजे बसथांब्याजवळ पत्र्याची खोली. अर्पितानं खुर्ची पुढं केली.

"टोपी काढा बुवा. बुक्का पुसा, कॅमेरा वळखत नाही."

बुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"आता डोये मिटा."

बुवांनी डोळे मिटले. हात आपोआप जुळले, ओठ हलू लागले.

"उघडा, बुवा, उघडा. पापनी लववाची फक्त."

पुन्हा तसंच. पन्नास वर्षं नाम घेताना मिटणाऱ्या डोळ्यांना लवकर उघडायची सवय नव्हती. मोबाइलवर लाल गोल येत राहिला.

"तुम्ही डोये मिटले का जाता तरी कुठं?"

"जाऊ का तिकडंच? मंग नोंदच नोको."

अर्पिता हसली, मोबाइल टेकवून ठेवला आणि टाळ्या वाजवू लागली. भजनाचा साधा ठेका. "टाळीवर मिटा, टाळीवर उघडा."

हे बुवांना जमलं. गोल हिरवा झाला. मग त्याच्या जागी एक चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"चेहरा घेतला," अर्पिता म्हणाली, "पन वर नाही गेला. नेट गेलं."

ती मोबाइल घेऊन दारात उभी राहिली, मग रस्त्यावर, मग थांब्याच्या ओट्यावर चढून. बुवा बाकावर बसून दम खात होते.

"म्या जिता आहो, हे तर तू पाहून राह्यली ना?"

"पाहून राह्यली, बुवा. मले कोन इचारते?"

ऊन उतरलं. साइट बंद झाल्याची ओळ मोबाइलवर आली, ती तिनं वाचून दाखवली नाही. "आता तालुक्याले जा लागन. अर्ज, सरपंचाचा दाखला, सारं नव्यानं. मी लिहून देईन."

बुवा मंडपात परतले. शंकरराव आले होते. कीर्तनकार हातपाय धूत होते. कोकिळा तशीच उभी, पण आता पावलं पडत होती, दोन पुढं, दोन मागं. शंकरराव बुवांच्या कानाशी आले.

"काऊन बुवा, आता सुनेले बुवा केलं का?"

"तुमी घ्या उद्या. दुपारी."

शंकररावांनी घड्याळ पाहिलं आणि सतरंजी सरळ करायला गेले.

"झालं का, मामाजी?" कोकिळानं विचारलं.

"नाही झालं."

 तिचा खांदा वीणेच्या पट्ट्यानं लाल झाला होता. बुवांनी वीणा घ्यायला हात पुढं केले, मग खाली घेतले. धाप अजून बसली नव्हती. ते खांबाला टेकून बसले. पहाऱ्यात ते कधी बसले नव्हते.

"उद्या सकाळच्या गाडीनं तालुक्याले जातो. दुपारी कवा येईन, सांगता येत नाही," ते म्हणाले. "पहारा तूच घेजो. अन् देतानी समोरच्याच्या पाया पडजो, कोनी असो."

कोकिळानं मान हलवली. बुवांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. या वेळी 'उघडा' म्हणणारं कोणी नव्हतं.