दहापर्यंत न मिटणारी मूठ

सीतालक्ष्मीचं मनगट मोडलं ते एका घागरीपायी. साल १९९१, वय चव्वेचाळीस. मद्रासला गिंडीच्या एका कारखान्यात ती टायपिस्ट होती. त्या सकाळी तिने पाण्याच्या टँकरपाशी भरलेली घागर उचलली आणि मनगटात काडकन आवाज झाला. ना ती पडली होती, ना कुठे आपटली होती.

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. "हाडं म्हातारीसारखी विरळ झालीत, बाई. दूध पीत जा."

ती दूध पीत राहिली. प्लास्टर निघालं, पण टाइपरायटरवर बोटं वळेनात. नोकरी सोडायची, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. कुणाला बोलली मात्र नाही.

बोलल्या त्या सासूबाई. अन्नपूर्णाबाई तंजावरच्या, पाचवी शिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. बोटं दाखवायला दोघी मोठ्या इस्पितळात गेल्या. तिथे कनका नावाची तरुण डॉक्टरीण कागद चाळत होती, तेव्हा त्या बाकावरून उठून पुढे आल्या.

"डॉक्टरम्मा, हिची मूठ सकाळी मिटत नाही. दहा वाजले की मिटते. दोन वर्षं बघतेय मी. टायपिंग नसतं त्या रविवारीसुद्धा तसंच."

सीतालक्ष्मी चकित झाली. इतके दिवस ती पदराआड हात लपवत आली होती.

कनकाने एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. आठवड्याने म्हणाली, "हा संधिवात आहे. जंतूंशी लढणारी शरीराची फौज तुमच्याच सांध्यांवर उलटलीय. जुनं हाड खाणाऱ्या पेशी असतात, त्यांनाही ती चेतवते. मग नवं भरायच्या आत हाड झिजतं. नुसत्या दुधाने काय होणार? आधी फौज आवरू."

आठवड्यातून एकदा गोळ्या, महिन्याला रक्ततपासणी. पहिले दोन महिने मळमळीशिवाय काही हाती लागलं नाही. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी तिने निऱ्या स्वतःच्या हातांनी घातल्या आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंच्या पाया पडली.

"अगं, आज काय सण आहे?"

तिने मूठ मिटून त्यांच्यापुढे धरली.

गेलेलं हाड सगळं परत येणार नाही, हे कनकाने आधीच सांगितलं होतं. पण नोकरी टिकली, पुन्हा काही मोडलं नाही. पुढच्या तपासणीला सीतालक्ष्मीने सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं आणि खुर्चीत आधी त्यांनाच बसवलं.

"आज माझं राहू द्या, डॉक्टर. अम्मांची पाठ वाकत चाललीय, ती बघा."

"माझं काय गं आता," अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या. पण कनकाने नवा कागद ओढून त्यांचं नाव लिहायला घेतलं होतं.